नूतनीकरणाचे तास कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी द्या : परिचारिकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई

विषय : परिचारिकांच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि निरंतर परिचर्या शिक्षण (सीएनई)

महोदय / महोदया,

नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण व्हावे आणि ते शिक्षणाशी जोडलेले असावे, याला आमच्या संघटनेचा पूर्ण पाठिंबा आहे. हे आधीच सांगतो, कारण आम्ही हा विषय काढला की परिचारिकांना तास माफ करून हवे आहेत, असा समज होतो. आम्हाला एकही तास माफ नको. भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांचे निरंतर शिक्षण घालून दिले, ते योग्यच आहे. वर्षाला ३० तास म्हणजे आठ तासांच्या चार पाळ्याही पुऱ्या भरत नाहीत. माणसांचे जीव ज्यांच्या हाती असतात, त्यांनी वर्षातून एवढे शिकलेच पाहिजे. हे तास कोणाच्या वेळेतून, कोणाच्या पैशातून मिळवायचे आणि त्यातून हाताला काय यायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आज हे तास कसे भरतात ते सांगतो. सिस्टर नाइट उतरून किंवा आपला डे ऑफ घालवून जिल्ह्याच्या नाहीतर महानगराच्या ठिकाणी जाते. नोंदणी शुल्क स्वतः भरते, एसटीचे भाडे स्वतः भरते. सभागृहात दोन-तीनशे जणी बसलेल्या असतात, पडद्यावर स्लाइड सरकत असतात आणि संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते. काही कार्यक्रम उत्तम असतात, त्यांच्या आयोजकांचे आम्ही ऋणी आहोत. पण पुष्कळदा तिथे सांगितलेल्या गोष्टीचा आणि तिच्या वॉर्डाचा संबंध नसतो. डायलिसिसच्या सिस्टरला प्रसूतीवरचे व्याख्यान आणि लेबर रूमच्या सिस्टरला कर्करोगाच्या औषधांवरचे. तास मात्र दोघींचेही भरतात.

दरम्यान काम बदलत राहते. २०१० पूर्वी शिकलेल्या सिस्टरने सीपीआर देताना आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी छातीवर दाब असा क्रम घोकलेला होता. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी क्रम फिरवला आणि दाब पहिला आला. २०१५ मध्ये दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असा बांधून दिला, मोठ्या माणसासाठी खोली पाच ते सहा सेंटिमीटर ठरली. हे आकडे ऐकून पाठ होतात, पण मॅनिकिनवर सलग दोन मिनिटे दाब दिल्याशिवाय आपला वेग कुठे ढळतो हे कळत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचेही तसेच. पूर्वी रक्त किती गेले याचा अंदाज डोळ्यांनी घेतला जाई आणि तो बहुधा कमीच निघे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रक्त मोजणारी खुणांची पिशवी बाळंतिणीखाली लावायला सांगितले. गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, शिरेतून द्रव आणि तपासणी हे सारे एकापाठोपाठ एक न करता एकत्रच सुरू करण्याचीही शिफारस केली. रात्री दोन वाजता उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये डॉक्टर येईपर्यंतची मिनिटे सिस्टरचीच असतात. तिला हे सभागृहात ऐकून चालणार नाही, त्याच खोलीत, त्याच ट्रॉलीवर करून पाहावे लागेल.

साध्या वाटणाऱ्या गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक वायलमध्ये दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. पेन बिघडले, म्हणून कोणी कार्ट्रिजमधले इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. वॉर्डातल्या वॉर्डात अर्ध्या तासात शिकवता येईल, असा हा धडा आहे. आजच्या पद्धतीत त्या अर्ध्या तासाला क्रेडिट मिळण्याची सोय असेल तरच तो शिकवला जाईल.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी की, वर्षाचे ३० तास ड्यूटीत धरावेत, त्या दिवसाचा पगार कापू नये आणि शुल्क नोकरी देणाऱ्याने भरावे. हा नियम शासकीय, महापालिकेच्या आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना लागू व्हावा. एनएचएमच्या कंत्राटी सिस्टर आणि एजन्सीमार्फत घेतलेला स्टाफ यातून सुटता कामा नये, कारण सुट्टी मागितली तर करार वाढणार नाही ही भीती त्यांनाच जास्त असते. ‘स्टाफ शॉर्ट आहे, सोडणार कसे?’ असे उत्तर आम्हाला मिळेल, हे माहीत आहे. शिकवणी रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका आणि शिवाय ३० टक्के रजा राखीव, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेनेच ठरवलेले आहे. ही राखीव पदे रजेसाठी आणि प्रशिक्षणासाठी असतात. ती भरली नाहीत, म्हणून नूतनीकरणाचा भार सिस्टरच्या झोपेवर टाकणे न्यायाचे नाही. रिक्त पदे भरण्याची मागणी आम्ही वेगळ्या निवेदनात सविस्तर केली आहे, इथे तिचा उल्लेख पुरेसा आहे.

दुसरी मागणी तासांच्या आशयाविषयी आहे. किमान निम्मे तास कौशल्याचे असावेत, प्रत्यक्ष करून दाखवण्याचे आणि पाहणाऱ्याने सही करण्याचे. तेही जिथे ती परिचारिका काम करते त्या क्षेत्रातले असावेत. आमच्यातल्या बहुतेकींकडे परिचारिका आणि प्रसाविका अशा दोन्ही नोंदण्या असतात. वीस वर्षे अतिदक्षता विभागात घालवलेल्या सिस्टरने त्या काळात एकही प्रसूती केलेली नसते, तरी दोन्ही नोंदण्या एकाच तराजूत नूतनीकृत होतात. प्रसाविका म्हणून काम करणारीला त्याचे तास वेगळे असावेत. जी करत नाही, तिची ती नोंदणी कायम ठेवावी, पण पुन्हा लेबर रूमला जाण्यापूर्वी देखरेखीखालचा सराव सक्तीचा करावा.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून परिचारिकांना दर तीन वर्षांनी पुनर्प्रमाणन करावे लागते. तिथे शिक्षणाचे तास ३५ आहेत, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच कमी. पण सोबत ४५० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते, त्या कामाविषयी पाच अभिप्राय गोळा करावे लागतात, आपल्या अनुभवावर पाच टिपणे लिहावी लागतात आणि दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी बसून त्यांवर बोलावे लागते. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वॉर्डांतला ताण वेगळा आहे. तरी इन्चार्ज सिस्टरने वर्षातून एकदा तासभर बसून ‘गेल्या वर्षी कुठे अडलीस, काय नव्याने जमले’ एवढे विचारणे, आणि त्या तासाला क्रेडिट देणे, हे कोणत्याही रुग्णालयाला परवडेल.

आग आणि ऑक्सिजन यांच्या सुरक्षेचे तास यात सक्तीने यावेत. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने अकरा रुग्णांचा जीव घेतला. त्या दुःखाची आठवण ठेवायची, तर राज्यातल्या प्रत्येक नवजात कक्षातल्या आणि आयसीयूतल्या सिस्टरने धुरात बाळ किंवा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बाहेर कसा काढायचा, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो केव्हा बंद करायचा, याचा वर्षातून दोनदा सराव केलेला असला पाहिजे.

आता अंतराविषयी. भामरागड, धडगाव, मोखाडा इथल्या आरोग्यसेविकेला एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी येण्या-जाण्यात आणखी दोन दिवस घालवावे लागतात आणि तेवढे दिवस उपकेंद्राला कुलूप असते. जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या परिचर्या प्रशिक्षण केंद्रांमध्ये मॅनिकिन आहेत, पाठ्यनिर्देशिका आहेत. या केंद्रांना सीएनईची मान्यता आणि निधी द्यावा आणि पथकाने तालुक्याला जाऊन शिकवावे. ऑनलाइन व्याख्यानांना आमचा विरोध नाही, औषधांची नवी माहिती तशी मिळाली तरी चालते. मात्र मोबाइलला रेंज नसलेल्या गावात ती एकमेव वाट ठेवू नये आणि हाताच्या कौशल्याची जागा तिला देऊ नये.

कागदांचा त्रास सर्वांनाच परिचित आहे, म्हणून थोडक्यात. केंद्राच्या नोंदणी प्रणालीत परिचारिकेला एनयूआयडी हा राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळतो. कार्यक्रम संपताच आयोजकानेच त्या क्रमांकावर तास चढवावेत. पाच वर्षांची प्रमाणपत्रे जपण्याची आणि त्यांच्या झेरॉक्स जोडण्याची गरजच उरू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या सिस्टरला आधार, पदविका आणि नोंदणी या तीन ठिकाणची नावे जुळवताना महिने लागतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र एवढ्यावर हे काम व्हावे. मुदत संपण्याआधी सहा महिने मोबाइलवर सूचना मिळावी.

बाळंतपणामुळे, घरातल्या आजारपणामुळे काही वर्षे काम सोडलेल्या परिचारिका राज्यात गावोगावी आहेत. त्या परत आल्या तर रिक्त जागांचा प्रश्न थोडा तरी हलका होईल. नुसते विलंब शुल्क भरून त्यांची नोंदणी पुन्हा सुरू होऊ नये, असेच आमचे मत आहे. शुल्काने हात तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात काही आठवड्यांचा, विद्यावेतनासह, देखरेखीखालचा उजळणी कार्यक्रम सुरू करावा आणि तो पूर्ण केल्यावर दंड माफ करावा.

शेवटची मागणी आम्हाला फार जवळची आहे. नोंदणी, तास, शुल्क हे सारे नियम नोंदणीकृत परिचारिकेवर चालतात. अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये मात्र कोणतेही मान्यताप्राप्त प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींना पांढरा कोट देऊन इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला उभे केले जाते. पगार अत्यल्प, आणि काही बिघडले तर दोष त्या मुलीचा. त्या मुलींवर आमचा राग नाही, त्यांना शिकण्याची वाट मिळाली पाहिजे. पण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना प्रत्येक परिचारिकेचा नोंदणी क्रमांक आणि मुदत तपासावी, ती यादी दर्शनी भागात लावावी आणि कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाला तो क्रमांक संकेतस्थळावर पडताळता यावा. हे झाल्याशिवाय नूतनीकरणाची सक्ती फक्त प्रामाणिक परिचारिकेला जाचते.

१९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. नव्या रचनेत राज्याचे नियम ठरतील तेव्हा वरील मागण्या त्यात याव्यात, यासाठी तीस दिवसांत बैठक बोलवावी, ही विनंती. आमच्या शिष्टमंडळात पदाधिकाऱ्यांबरोबर एक उपकेंद्रातली आरोग्यसेविका, एक कंत्राटी अधिपरिचारिका, एक ब्रदर आणि खासगी नर्सिंग होममधली एक सिस्टर असेल. त्यांना त्या दिवसाची ड्यूटीची सवलत मिळावी, असे पत्र बैठकीच्या सूचनेसोबत त्यांच्या रुग्णालयांना पाठवावे.

आपल्या विश्वासू,
अध्यक्षा व सरचिटणीस
(संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने)