ऐकणाऱ्यांचे कान

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीसाठी गेलो होतो. काम 'यूजर रिसर्च'चे; म्हणजे मोबाइलवरचे ॲप वापरताना लोक कुठे अडतात, ते शेजारी बसून पाहायचे, विचारायचे आणि ऐकायचे. मास्तरकी आणि कादंबऱ्या यांत मी जन्मभर दुसरे काय केले?

"आधी नमुना करून दाखवा," म्हणाले. आठ दिवस उन्हात फिरून मी पाच माणसे गाठली. पाचच का? बहुतेक दोष तेवढ्यांतच हाती लागतात, असे याकोब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवले आहे. चौदा पाने लिहून दिली.

मुलाखतीला समोर तीन तरुण. एकाने लॅपटॉपवरची नजर न काढता विचारले, "शिक्षण फक्त दहावी?" नातवाच्या फीची पावती शोधून रडकुंडीला आलेल्या आजीबाईंची हकिगत मी सांगू लागलो, तोच दुसरा म्हणाला, "वेळ संपली. कळवतो." दिवाळी अंक छापायला निघाला, तरी कळवलेले नाही. चौदा पाने मात्र त्यांच्याकडेच आहेत.

गवंड्याकडून भिंत बांधून घ्यायची आणि मजुरीच्या वेळी तोंड फिरवायचे, याला आमच्या गावात काय म्हणतात ते सणासुदीला लिहीत नाही. पण ज्यांचा धंदाच ऐकण्याचा, त्यांनी तरी कान असे बंद ठेवावेत?

बाबांनो, काम करून घ्याल तर मजुरी द्या; नकार असेल तर दोन ओळी लिहा. आणि आपले काय चुकते ते खरोखर शोधायचे असेल, तर तुम्ही परत पाठवलेली माणसे बोलवा. पाच पुरतील.