मूळचे आम्हीच!

‘आम्ही या मातीतले, तुम्ही उपरे, आल्या वाटेने चालते व्हा,’ असे युरोपात हल्ली मोठ्या आवेशाने सांगण्यात येते. आणि ऐकवायचे कित्येकदा तुर्कस्तानातून आलेल्यांनाच! फराळाच्या ताटापुढे परक्या खंडातले भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण हे भांडण मुळात गव्हाचे आहे, आणि मला त्यात गप्प बसवत नाही.

साडेआठ-नऊ हजार वर्षांपूर्वी युरोपात शिकारी लोक राहत. गहू, जव, शेळ्यामेंढ्या आणल्या त्या अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, शेतकऱ्यांनी. ते ग्रीसमध्ये उतरले आणि डॅन्यूबच्या काठाकाठाने इ. स. पूर्व ५५०० च्या सुमारास जर्मनीत पोचले. माणसे आली की नुसते बियाणे हातोहात गेले, यावर पंडितांनी पुष्कळ शाई सांडली. तो वाद अखेर हाडांनीच मिटवला. कवटीत आतल्या कानाभोवती जे अतिकठीण हाड असते, त्यात डीएनए चांगला टिकतो. वायव्य तुर्कस्तानातले आणि जर्मनीतले त्या काळचे सांगाडे ताडून पाहिले, तर घराणे एकच निघाले! १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओट्झी घ्या. २०२३ च्या तपासणीत त्याचा नऊ-दशांशाहून अधिक वारसा याच शेतकऱ्यांचा ठरला. वर कातडी सावळी आणि टक्कल पडू लागलेले. इंग्लंडातल्या स्टोनहेंजचा आरंभ करणारेही यांचेच वंशज.

पुढे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांतून पशुपालक आले.

यावर वंशाभिमानी लगेच म्हणतो, ‘पाहा, आलेल्यांनी जुन्यांना पुसून टाकले, म्हणूनच दारे लावा!’ ब्रिटनमध्ये इ. स. पूर्व २५०० नंतर नऊ-दशांश वारसा बदलला, हे खरे. पण मग आजचा इंग्रज मुख्यतः त्या आलेल्यांचाच वंशज ठरतो की नाही? आणि मध्य युरोपात तर शेतकऱ्यांच्या हाडांत शिकाऱ्यांचा अंश पुढे वाढत गेलेला दिसतो. सोयरिकी झाल्या, दुसरे काय!

गुस्ताफ कोसिना नावाच्या जर्मन पंडिताने खापरांवरून वंश ठरवले. तो १९३१ साली वारला, आणि नाझींनी त्याची पोथी डोक्यावर घेतली. आज खापरांच्या जागी जनुके मांडून तीच पोथी वाचणाऱ्यांची मला चीड येते. त्या पहिल्या शेतकऱ्यांचे सर्वांत जवळचे नातलग हवेच असतील, तर त्यांनी सार्डिनिया बेटावर जावे. तिथेही भेसळ आहेच. पण आजोबांचे गाव विचाराल, तर बोट अनातोलियाकडे जाईल.