गावाचं पान

मराठी विकिपीडियावर नवा माणूस अनेकदा आपल्या गावाच्या पानापासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. गावचा ओढा, जत्रेची तिथी, बाजाराचा वार त्याला ठाऊक असतो. संदर्भ कसा द्यायचा, हे ठाऊक नसतं. मग कुणीतरी त्याचा मजकूर उडवतं आणि तो पुन्हा फिरकत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशाचं खरं नुकसान इथेच होतं, असं मला वाटतं. बदल उलटवायला एक कळ पुरते. त्या नवख्याच्या चर्चा पानावर कारण लिहायला पाच मिनिटं लागतात, पण ती द्यायलाच हवीत. त्याला सांगावं: आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसवा, वर्तमानपत्रातला परिच्छेद जसाच्या तसा उचलू नका, तो प्रताधिकाराचा भंग ठरतो, जिल्हा गॅझेटियर किंवा जनगणनेची पुस्तिका उघडा, लोकसंख्या तिथून घ्या आणि वाक्यापुढे संदर्भ जोडा. आजीनं सांगितलेली देवळाची कथा छापील आधाराविना टिकणार नाही, हे सांगताना मात्र शब्द मऊ हवेत. तिथे माणूस दुखावतो. चुकलं तरी पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती शाबूत असते, हे पहिल्याच दिवशी त्याला उघडून दाखवावं, म्हणजे तो न घाबरता लिहील.