दहावा माणूस

पावसाळा सरत आला की घरोघरी खोकल्यातापाचा फेरा सुरू होतो. आणि नेमक्या याच भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास आमच्या ज्यू बांधवांचे नववर्ष, प्रायश्चित्ताचा उपवास आणि मांडवांचा सण हे पवित्र दिवस येतात. मुंबई, पुणे, ठाणे, अलिबाग येथील सिनेगॉगांत, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या मराठीत मशिदींत, एरवी न दिसणारी गर्दी लोटते. या प्रसंगी एका नाजूक प्रश्नाचा विचार करणे आम्हांस आवश्यक वाटते.

ज्यूंच्या परंपरागत सामुदायिक उपासनेस किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. त्यामुळे आज आपल्याकडील अनेक मशिदींत, सणावारांचे दिवस सोडले तर, दहाची ही संख्या भरणे कठीण जाते. अशा वेळी अंगात कणकण असलेले एखादे वृद्ध गृहस्थ कोट चढवून घराबाहेर पडतात. आपण गेलो नाही तर दिवंगतांसाठी म्हणावयाची प्रार्थना अडेल, ही त्यांची चिंता. ही निष्ठा वंदनीय आहे. परंतु तिच्यामुळे शेजारी बसलेल्या दुसऱ्या वृद्धाच्या जिवास धोका पोचत असेल तर धर्म काय सांगतो?

धर्माचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जीवरक्षणासाठी शब्बाथाचे नियमही बाजूस ठेवावेत, असा ज्यू धर्मशास्त्राचा दंडक आहे. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासातही, रुग्णाने स्वतः अन्न मागितले तर त्यास ते द्यावे, असे तेथे सांगितले आहे. १८३१ साली युरोपात पटकीने थैमान घातले असता पोझेनचे थोर धर्माचार्य रब्बी अकिवा एगर यांनी एका सहकाऱ्यास लिहिले की, लहान जागेत दाटी करू नये, पहाटेपासून पाळीपाळीने सुमारे १५ जणांनीच प्रार्थना करावी, आणि संख्या मर्यादेत राहावी म्हणून पोलिसांचे साह्य घ्यावे. रोगजंतूंचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे!

मुंबईला तर हा धडा घरचाच आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली ज्या मांडवीत पहिली मशीद उभारली, त्याच मांडवीत १८९६ साली डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्यावरील लस सिद्ध करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९१६ साली याच शास्त्रज्ञाने सनातन ज्यू धर्मनिष्ठेचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. विज्ञान आणि श्रद्धा यांचे वैर त्यांस ठाऊक नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये सर्व धर्मस्थळांची दारे सरकारी आज्ञेने मिटली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढील वर्षी पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. आज तशी आज्ञा नाही. म्हणूनच जबाबदारी प्रत्येकाच्या विवेकावर येऊन पडते. ताप किंवा खोकला असेल त्याने घरीच प्रार्थना करावी. विश्वस्तांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वृद्धांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. प्रार्थनेअंती एकमेकांच्या हातास हात लावून तो ओठांशी नेण्याची बेने इस्रायलांची रीत हृद्य आहे. साथीच्या दिवसांत तेच प्रेम शब्दांनी व्यक्त झाले तर ते उणे ठरणार नाही.

पण केवळ 'घरी राहा' म्हणून भागणार नाही. रुग्णाने घरी राहावे असे वाटत असेल तर त्याची जागा निरोगी माणसाने भरली पाहिजे. नोकरीधंद्याच्या सबबीवर मशिदीकडे न फिरकणाऱ्या तरुणांना आमचे हेच सांगणे आहे. आजारी आजोबांना विश्रांतीचा उपदेश करणे सोपे आहे; त्यांच्याऐवजी स्वतः जाऊन उभे राहणे हा खरा आचार.

हे केवळ ज्यू समाजास लागू आहे असे नाही. २०२० च्या आषाढीस माउलींच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या, म्हणून वारकऱ्यांची भक्ती उणावली असे कोण म्हणेल? देवळात, दर्ग्यात, अग्यारीत, चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने स्मरावे की, शेजाऱ्याचा जीव जपणे हीही उपासनाच आहे. आणि ज्यास आज घरी राहावे लागले, त्याची उद्या विचारपूस करावयास मात्र कोणी विसरू नये.