नांगर कुठे बांधलाय?

नांगर म्हटलं की तुमच्यातल्या बहुतेक जणींना शेत आठवेल, बैलजोडी आठवेल. माझं माहेर खाडीकाठचं, आमच्याकडे नांगर पाण्यात टाकतात. वडिलांची छोटी होडी होती. नांगराची दोरी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला बांधायची, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तरी ऐन वेळी मी गप्प बसले.

२०१९ च्या मे महिन्यात लेकीकडे गेले होते, अमेरिकेत चार्ल्सटनला. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं हे गाव. गेल्या गेल्या मला माहेरीच आल्यासारखं वाटलं. भरती-ओहोटीत पाच-सहा फुटांचा फरक, ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल आणि त्यात कालवांचे थरच्या थर. आपल्यासारखं कांदळवन मात्र नाही, नुसतं उंच गवत.

तिथे कयाकमधून मासेमारी करायचं फार वेड. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. प्लास्टिकची, जेमतेम तीसेक किलोची. वल्हं हातात घ्यायचं, पाय पसरून बसायचं आणि निघायचं. पण इतकी हलकी, की जरा वारा सुटला की पाचोळ्यासारखी भरकटते. गळ टाकून एका जागी थांबायचं तर नांगर हवाच. तोही चिमुकला, दीड किलोचा, चार नखांचा, छत्रीसारखा मिटणारा. मला तर खेळण्यातलाच वाटला.

त्या सकाळी जावईबापूंनी लेकीची कयाक तयार केली. गळ, डबा, पाणी, सगळं त्यांनीच लावलं आणि नांगराची दोरी बांधली लेकीच्या कमरेशी, कयाकच्या कडेला. ‘तिच्या हाताशी राहील,’ म्हणाले. मी बघितलं. जीभ वळवळली. पण जावई शिकलेला, त्यात त्याच्या घरी पाहुणी म्हणून आलेली मी. आणि जावयाला शहाणपण शिकवणारी सासू कुणाला आवडते? लेकही काही बोलली नाही. नवरा बांधतोय म्हणजे बरोबरच असणार!

तासाभराने ओहोटीला जोर चढला. मी धक्क्यावरून बघत होते. नांगर कालवांत अडकला होता आणि पाण्याच्या ओढीने दोरी ताठ झाली होती. नाळेला बांधलेली असती तर कयाक आपोआप प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली असती. इथे दोरी मधोमध. त्यामुळे कयाक आडवी झाली, पाणी भिंतीवर आपटावं तसं तिच्या कुशीवर आपटायला लागलं आणि दोरीने तीच कड खाली ओढली. लेक गाठ सोडायला गेली. ओली, ताणलेली गाठ सुटते का कधी? त्यात वाकल्यामुळे तिचा भार त्याच बाजूला गेला. सुरी होती, पण जावयांच्या डब्यात, पन्नास हातांवर.

कयाक उलटली. अंगात जीवरक्षक जॅकेट होतं म्हणून लेक वर राहिली. जवळच गळ टाकून बसलेल्या एका वयस्कर बाईने येऊन पहिल्यांदा दोरी कापली. सुरी तिच्या जॅकेटलाच अडकवलेली होती. लेकीची नडगी कालवांनी चिरली. सात टाके पडले.

त्या बाईने दुसऱ्या दिवशी येऊन लेकीला सगळं शिकवलं. मी शेजारी बसून चहा करायचं विसरले. तिच्या कयाकच्या कडेने पुढून मागे एक फिरती दोरी होती, कपडे वाळत घालायच्या कप्पीच्या दोरीसारखी. तिला एक कडी. नांगराची दोरी कडीतून ओवायची आणि बसल्या जागेवरून कडी ओढत टोकाला न्यायची. दोरीचं हातातलं टोक गाठीने बांधायचंच नाही, नुसतं खाचेत अडकवायचं आणि त्याला एक तरंगता गोळा लावायचा. धोका वाटला की सोडून द्यायचं. गोळा तरंगत राहतो, नांगर नंतर येऊन उचलता येतो. सहा फूट पाण्याला सहा फूट दोरी पुरत नाही, चाळीस फूट सोडली तर नांगर आडवा ओढला जाऊन रुततो. कालवांच्या जागी तर दोरी नांगराच्या खालच्या टोकाला बांधायची आणि वरच्या कडीला प्लास्टिकच्या पातळ पट्टीने नुसती अडकवायची. नांगर अडकला की जोरात ओढायचं, पट्टी तुटते आणि नांगर उलटा होऊन निघून येतो. उथळ चिखलात नांगराऐवजी काठी रोवली तरी भागतं, हे तर आपल्याकडेही करतात. आणि ओढ फार असेल तिथे नांगर टाकायचाच नाही.

यातलं एकही काम ताकदीचं नाही, सांगा! मग ते नवऱ्याने करून का द्यायचं? बाईला पाण्यात पाठवताना सगळं बांधून देतात, पण सोडायचं कसं ते दाखवत नाहीत. ‘तू नुसती बस,’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, मला कळतं. जावई माझा गुणीच आहे, आठवडाभर नीट जेवला नाही बिचारा. पण राग मला त्याच्यापेक्षा माझाच आला. माहीत असून मानपान सांभाळत बसले.

आता कोकणातही कयाक दिसायला लागल्यात. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवन दाखवतात, होडी त्याच वल्हवतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानेही पाहुण्यांसाठी दोन कयाक आणल्या. सूनबाईला हौस, तिला गळ टाकायचा होता. भाच्याने दोरी घेतली आणि बांधायला लागला, कुठे? बरोबर मधोमध.

‘अरे, नाळेला घे ती,’ मी म्हटलं. ‘आणि तू नको बांधूस, तिला बांधू दे. सुरीपण तिच्याकडे दे.’

‘आत्या, तुला काय कळतं यातलं?’ तो हसला.

मी पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेले आणि दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. सूनबाईने पाच वेळा बांधली, पाच वेळा सोडली, मगच तिला जाऊ दिलं. दुपारी एक तांबोशी घेऊन आली. भाचा अजून थोडा फुगलेला आहे.