कंपवात टाळता येईल काय?

इ. स. १८१७ मध्ये लंडन येथील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी एका छोट्या निबंधात सहा रुग्णांचे वर्णन करून ज्या विकाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले, त्याला आज पार्किन्सनचा विकार म्हणतात. आपल्याकडे तो कंपवात या नावाने परिचित आहे. हात थरथरतो, हालचाली मंदावतात, अंग ताठरते, पाऊल अडखळते. मेंदूच्या तळाशी असलेल्या कृष्णद्रव्य नावाच्या काळसर भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि त्या निर्माण करीत असलेले डोपामाईन हे द्रव्य अपुरे पडू लागते, हे त्याचे कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या विकाराने ग्रस्त होते. औषधांनी लक्षणे सौम्य होतात. परंतु मेलेल्या पेशी परत आणणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच हा विकार होण्याचा धोका आधीच कमी करता येईल काय, या प्रश्नाला महत्त्व आहे.

लोक हा प्रश्न बहुधा आहाराविषयी विचारतात. कॉफी पिणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो, हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. धूम्रपान करणाऱ्यांतही तो कमी आढळतो! पण एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. हा विकार थरथर दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. वास कळेनासा होणे, बद्धकोष्ठता ही त्याची पूर्वचिन्हे असतात. त्या काळात मेंदूत झालेल्या बदलामुळेच चहा-कॉफीची व व्यसनाची ओढ कमी होत असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. रुग्णांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिले, कॅफीन देऊन पाहिले, निकोटीनही देऊन पाहिले. त्यांपैकी कशानेही विकार आटोक्यात आला नाही. तंबाखूने कर्करोग व हृदयविकार होतात हे मात्र निर्विवाद आहे. तेव्हा कंपवाताच्या भयाने कोणी विडी ओढू लागेल, तर तो शुद्ध अविचार ठरेल.

व्यायामाचा पुरावा याहून भक्कम आहे. फ्रान्समध्ये शिक्षणक्षेत्राशी संबंधित अशा ९५ हजारांवर स्त्रियांची १९९० पासून जवळजवळ तीन दशके पाहणी झाली. सर्वाधिक शारीरिक हालचाल करणाऱ्या गटात, सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या गटाच्या मानाने, कंपवाताचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. आणि हा फरक निदानाच्या पुष्कळ वर्षे आधीच्या हालचालींतही दिसून आला. चालणे, पोहणे, सायकल चालवणे यांत नुकसान काहीच नाही. व्यक्तीला देता येण्याजोगा सर्वांत प्रामाणिक सल्ला हाच होय.

परंतु एकट्या व्यक्तीच्या प्रयत्नाने जे साधत नाही, ते याहून मोठे आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसांची अंगे एकाएकी ताठरली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक द्रव्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ चुकून तयार झाला होता, आणि त्याने नेमक्या कृष्णद्रव्यातील पेशी मारल्या होत्या. बाहेरून आलेले एक रसायन कंपवाताची अवस्था निर्माण करू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. या पदार्थापासून शरीरात जे विष बनते, त्याची रासायनिक घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी पुष्कळ जुळते. पुढे २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीच पट आढळले. हातमोजे घालणाऱ्यांत मात्र हा संबंध दिसून आला नाही, असे दुसऱ्या एका पाहणीचे म्हणणे आहे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. आक्षेप योग्य आहे. पण माणसांना विष पाजून प्रयोग करता येत नाही, आणि परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. पूर्ण खात्रीची वाट पाहणे म्हणजे एका पिढीला प्रयोगाचे साधन बनवणे होय. शिवाय पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. तेवढ्या कारणानेही ते नको. युरोपीय संघात त्याचा वापर २००७ साली बंद झाला, केरळने २०११ साली त्यावर बंदी घातली, आणि चीनने २०२० पर्यंत देशांतर्गत वापर थांबवला. कीटकनाशकांमुळे शेतकऱ्यांना होणाऱ्या कंपवाताला फ्रान्सने २०१२ पासून व्यवसायजन्य रोग मानले आहे.

निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळतो, ही अडचण खरी आहे. तिचा भार एकट्या त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस जण दगावले. ते मृत्यू डोळ्यांना दिसले. मज्जापेशींची सावकाश होणारी हानी कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. फवारणाऱ्याच्या हाती मोजे देणे, घातक द्रव्ये बाजारातून काढणे आणि पर्यायी साधने स्वस्त करणे, हे शासनाचे व समाजाचे काम आहे. कंपवाताचा धोका पूर्णपणे नाहीसा करता येणार नाही, कारण वय आणि आनुवंशिकता यांवर कोणाचा इलाज नाही. पण तो कमी करता येईल, आणि त्यातील मोठा वाटा ज्याने त्याने एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून उचलावयाचा आहे.