हात लहान, की माप चुकीचे?

आपल्याकडे काही वाक्ये अशी आहेत की ती एकदा गुरूच्या मुखातून बाहेर पडली म्हणजे त्यांवर अपील चालत नाही. "ह्या हाताला गिटार जमायची नाही" हे त्यांपैकी एक. हे वाक्य ऐकून ज्यांनी वाद्य भिंतीला टेकवून ठेवले, अशी मुलेमुली आज घरोघर सापडतील. आरोपीला आपला अपराध कोणता हे कळलेच नाही, आणि शिक्षा मात्र भोगून झाली! प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे एकतर्फी निकाल दिसला की फेरतपासणीचा अर्ज करण्याचा मोह त्याला आवरत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: पुष्कळ वेळा दोष हाताचा नसतो. दोष गिटारीच्या मानेचा असतो. आणि त्याहूनही अधिक, ती मान न तपासता वाद्य मुलाच्या हाती देणाऱ्यांचा असतो.

प्रथम वादविषय स्पष्ट करू. गिटारीचा जो लांब दांडा डाव्या हातात येतो त्याला वादक 'नेक' म्हणतात. आपण मान म्हणू. तिच्या पुढच्या अंगावर धातूचे पडदे बसवलेले असतात व मागच्या गोलसर अंगावर अंगठा टेकतो. वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा पाडलेली एक आड असते व तिच्यातून तारा पुढे घोडीकडे जातात. आडीपाशी मानेची रुंदी किती, जाडी किती, मागचा गोलवा कोणत्या घाटाचा, पुढचे अंग सपाट की कमानदार, आणि आडीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी किती, ह्या पाच गोष्टींवर डाव्या हाताचे सुखदुःख अवलंबून आहे. आपण दुकानात जातो तेव्हा रंग पाहतो, चकाकी पाहतो, किंमत पाहतो. ह्या पाचांपैकी एकीचीही चौकशी करीत नाही.

आता पुरावा. नायलॉनच्या तारांच्या अभिजात स्पॅनिश गिटारीची मान आडीपाशी सुमारे ५२ मि.मी. रुंद असते. पोलादी तारांच्या साध्या गिटारीत ही रुंदी सामान्यतः ४३ ते ४४.५ मि.मी., तर फेंडर पद्धतीच्या विजेच्या गिटारीत ४२ च्या आसपास असते. दहा मि.मी.चे काय एवढे, असे कोणी म्हणेल. सहा तारांमध्ये पाच अंतरे असतात. कडेची जागा सोडून हिशेब केला तर अभिजात गिटारीत दोन तारांमधील अंतर साडेआठ मि.मी.हून किंचित अधिक, आणि अरुंद मानेवर सव्वासात मि.मी.च्या आसपास भरते. फरक दीड मि.मी.चा, पण बोटाच्या टोकाला दीड मि.मी. म्हणजे एक अंगण असते. ज्याची बोटे जाड आहेत त्याने अरुंद मानेवर 'ए मेजर' धरून पाहावा. तीन बोटे एकाच पडद्याच्या घरात दाटीवाटीने बसतात, एखादे बोट शेजारच्या तारेला लागते आणि तिचा आवाज मरतो. शिक्षक म्हणतात, "बोट उभे धर." बोट उभेच असते, त्याला उभे राहायला जागा नसते.

ज्याचा तळहात लहान आहे त्याची अडचण नेमकी उलटी. रुंद मानेवर जाड तारेपर्यंत पोहोचण्यासाठी त्याला मनगट पुढे काढून वाकवावे लागते. मनगटात एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. मनगट वाकवलेले असताना बोटे आवळली की ह्या बोगद्यातील दाब वाढतो. रोज तासभर, महिनोन् महिने असे केल्यावर मनगट दुखू लागले तर तो आळशीपणाचा पुरावा कसा होतो?

तारेच्या लांबीचा हिशेबही असाच बोलका आहे. ६५० मि.मी. लांबीच्या तारेवर पहिले चार पडदे मिळून सुमारे १३४ मि.मी. जागा घेतात. मुलांसाठी बनवलेल्या पाऊण मापाच्या गिटारीत तारेची लांबी साधारण ५८० मि.मी. असते व तेथे तेच चार पडदे १२० मि.मी.त बसतात. चौदा मि.मी.चा हा फरक दहा वर्षांच्या मुलीच्या करंगळीला विचारा. माझ्या परिचयाच्या एका घरात अशाच एका मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची, पोलादी तारांची गिटार आणून दिली होती, "मोठी झाल्यावरही उपयोगी पडेल" ह्या हिशेबाने. दोन महिन्यांत तिने ती सोडली, आणि तिला संगीताचे अंग नाही असे सर्वानुमते ठरले. त्याच घरात तिला वडिलांच्या चपला घालून शाळेत पाठवण्याचे कोणाच्या मनात आले नसते.

जाडीचा व घाटाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मानेचा आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी सी, डी, यू किंवा व्ही ह्या अक्षरांसारखा दिसतो आणि वादक त्याच नावांनी घाट ओळखतात. अंगठा मानेवरून पुढे काढून जाड तार दाबणाऱ्याला व्ही घाटाची कड अंगठ्याच्या बेचक्यात बरी बसते. अंगठा मागे मधोमध ठेवणाऱ्याला तीच कड टोचते. येथे दुकानदारांचा एक आवडता भ्रम खोडून काढला पाहिजे. "मान जितकी बारीक तितकी सुखाची" असे ते सांगतात. लहान हाताच्या पुष्कळांना बारीक मान सोयीची जाते, हे खरे. पण मोठ्या हाताला अतिबारीक मानेवर आधारच मिळत नाही. तळहात पोकळ राहतो, अंगठ्याला चिमटा काढल्यासारखा सतत जोर लावावा लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी गोळा येतो. अशा हाताला भरदार मान विसावा देते. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारींच्या माना १९५८-५९ साली भरदार होत्या आणि १९६० साली त्या स्पष्टपणे बारीक झाल्या. त्या दोन्ही घाटांना आजही चाहते आहेत आणि दोन्ही घाट आजही बनतात. एकच घाट सर्वांना सुखाचा असता तर दुसरा केव्हाच नामशेष झाला असता.

आता पूर्वपक्षाकडे वळतो. पहिला आक्षेप असा की वाद्याचे माप परंपरेने ठरलेले आहे. शिष्याने त्याला शरण जावे. हे माप ठरवले कोणी? ६५० मि.मी.ची तार रूढ झाली ती मुख्यतः अंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) ह्या स्पॅनिश कारागिराच्या गिटारींमुळे. त्याच्या आधीच्या गिटारी सामान्यतः लहान व अरुंद मानेच्या होत्या. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात माद्रिदच्या रामिरेस घराण्याने ६६४ मि.मी.च्या गिटारी प्रचारात आणल्या, आणि पुढे वादक व कारागीर पुन्हा ६५० कडे वळले. जाडीचे कारण तर आणखी ऐहिक आहे. पोलादी तारांच्या ताणाने लाकूड वाकू नये म्हणून मान जाड ठेवावी लागे. गिब्सनच्या कारखान्यातील थॅडियस मॅकह्यू ह्याने मानेच्या पोटात बसवायच्या, आवळता येणाऱ्या पोलादी सळईचे पेटंट १९२३ साली मिळवले, आणि तेव्हापासून बारीक मान शक्य झाली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ते कारागिराने आपल्या काळी, आपल्या साधनांनी काढलेले तोडगे आहेत. तोडग्याला श्रुतिवाक्याचा मान देण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप तपश्चर्येचा. "बोटे दुखल्यावाचून विद्या येत नाही." ह्यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. बोटांची टोके आरंभी दुखतात, त्यांना घट्टे पडतात आणि ते दुखणे काही आठवड्यांत जाते. ते सोसलेच पाहिजे. पण मनगट, अंगठ्याचे मूळ व कोपराखालचा हात ह्यांचे दुखणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांना घट्टे पडत नाहीत. ते दुखणे सरावाने जाण्याऐवजी वाढते. जो शिक्षक ह्या दोन दुखण्यांत भेद करीत नाही तो तपश्चर्येच्या नावाखाली इजा शिकवतो. बसण्याची ढब, डाव्या पायाखालचे पाऊल-पाट, मान वर उचलून धरणे, ह्यांनी बराच त्रास टळतो, हे मी मान्य करतो. पण ढब सुधारूनही मनगट सरळ राहत नसेल तर दोष मापातच शोधला पाहिजे.

तिसरा आक्षेप दृष्टांताचा. जँगो राइनहार्टचे नाव येथे हमखास निघते. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची निकामी झाली, आणि तरीही तो युरोपातील अग्रगण्य जॅझ वादक झाला. साक्षीदार थोर आहे, पण त्याची साक्ष वादीच्या विरुद्ध जाते. जँगोने इतरांची रीत मोडून आपल्या हाताला जमेल अशी नवी रीत बसवली. इतरांच्या मापात आपला हात कोंबला नाही. शिवाय अलौकिक पुरुषाच्या अपवादावर सामान्य मुलांसाठी नियम करणे हे कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. दृष्टांतच हवा असेल तर पियानोवादक योसेफ हॉफमन (१८७६–१९५७) ह्याचा घ्या. त्याचे हात लहान होते. स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले, आणि त्यामुळे त्याचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही.

परंतु परक्या साक्षीदारांची गरजच काय? आपल्या देवळात भजनाला बसलेला गवई पेटीवाल्याला काय सांगतो? "काळी एक धरा," किंवा "पांढरी चार." ज्याच्या गळ्याला जो सूर, तो त्याचा षड्ज. सर्वांनी काळी दोनमध्येच गावे आणि ज्याला जमत नाही त्याला भक्ती नाही, असे म्हणणारा बुवा अजून जन्माला यायचा आहे. मिरजेचे कारागीर पुरुषांचा तंबोरा वेगळा करतात व स्त्रियांचा वेगळा, कारण गळ्यांचे सूर वेगळे. धाकट्या मुलाला व्हायोलिन शिकवायचे तर पाव, अर्धे किंवा पाऊण मापाचे वाद्य देतात, हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आणि सर्वांत मोठा आधार शुल्बसूत्रांचा. अग्निचयनाची चिती कोणत्या मापाने आखायची? यजमान हात वर करून उभा राहिला म्हणजे जी उंची भरते तो एक 'पुरुष', आणि साडेसात वर्ग पुरुष हे चितीचे क्षेत्र. यजमान बदलला की माप बदलते. प्रमाण बदलत नाही. शिल्पशास्त्रातील मात्रांगुलही माणसाच्या बोटाच्या मधल्या पेरावरून घेतात. ज्या परंपरेने यज्ञाची वेदी यजमानाच्या देहावरून मोजली, तिच्या वारसांनी सहा तारांच्या लाकडी मानेपुढे "माप म्हणजे माप" असे म्हणावे, हा विपर्यास आहे.

हा प्रश्न आपल्याकडे उशिरा का सुचला ह्याचे एक कारण मला दिसते. एके काळी आपल्या पुष्कळ घरांत गिटार म्हणजे हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) ह्यांनी तिच्यावर रागदारी आणली ती ह्याच पद्धतीने. ह्या वादनात डावा हात मानेला वेढा घालीतच नाही. मान चौकोनी असली तरी काही बिघडत नाही. आज मात्र आपली मुले गिटार उभी धरून वाजवतात. वादनाची रीत बदलली, आणि वाद्य घेण्याची आपली रीत तीच राहिली.

मग करावे काय? खर्च थोडा आहे, लक्ष मात्र पुरते हवे. वाद्य घेण्याआधी मुलाला खुर्चीवर नीट बसवा. अंगठा मानेच्या मागे मधोमध, तर्जनी सर्वांत जाड तारेवर पहिल्या पडद्याच्या घरात, करंगळी त्याच तारेवर चौथ्या घरात. मनगट जवळजवळ सरळ राहून ही पकड थोडा वेळ टिकली तर माप योग्य. मनगट काटकोनात मोडले किंवा अंगठा थरथरला तर दुसरी गिटार मागा. बोटे शेजारच्या तारांना लागत असतील तर अधिक रुंद मान मागा. घरात आधीच मोठी गिटार असेल तर तारा हलक्या घाला, आडीच्या खाचा जाणत्या कारागिराकडून योग्य खोलीच्या करून घ्या, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून आरंभ करा. पडद्यांची घरे तेथे अरुंद असतात. शिक्षकांनी पहिला धडा देण्यापूर्वी हात पाहावा, दुकानदारांनी आडीची रुंदी व तारेची लांबी किमतीच्या चिठ्ठीवर लिहावी, आणि आईबापांनी "मोठेपणी उपयोगी पडेल" हा हिशेब सोडावा.

हात देवाने दिला आहे, मान सुताराने केली आहे. दोहोंत जमत नसेल तर बदल कोणी सोसावा, हे सांगायला न्यायाधीश लागत नाही. ज्या मुलांवर "जमणार नाही" असा शिक्का बसला आहे, त्यांच्या हाती एकदा त्यांच्या मापाची गिटार देऊन पाहा. त्यानंतरही जमले नाही तर निकाल खुशाल कायम ठेवा. पण तोवर तो निकाल स्थगित आहे असे समजा.